डबी आपली, किल्ली कुणाची?



कुणाची भांडी व्हायची असतील, कुणी शेंगा फोडत बसली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. मधे एकदा कागद-पेन लागेल, ते जवळ ठेवा.

आज आम्ही बोलणार आहोत वायफायच्या डबीबद्दल. राउटर म्हणतात तिला. केबलवाला येतो, भिंतीला दोन खिळे ठोकतो, डबी टांगतो, हिरवे दिवे लुकलुकायला लागतात आणि मुलं ओरडतात, ‘नेट आलं!’ त्यानंतर आपण त्या डबीकडे बघतो ते नेट गेल्यावरच. एरवी तिच्यावर धूळ बसलेली असते. आमचंही तसंच होतं. मग एक दिवस त्या डबीने आमच्यावर मान खाली घालायची वेळ आणली. ती गोष्ट आधी सांगतो, कारण तशी वेळ तुमच्यावर येऊ नये.

आम्ही अकरा जणींचा गट. मसाला करतो. कांडपाच्या खोलीतच आमचं कपाट, वजनकाटा आणि दोन वर्षांपासून ही डबी. ऑर्डरी फोनवर येतात, ट्रेनिंग ऑनलाइन असतं, बँकेचं काम निघतं, म्हणून वर्गणी काढून कनेक्शन घेतलं. केबलवाल्याने पासवर्ड लावून दिला. गावात सगळ्यांकडे तो एकाच साच्याचा पासवर्ड लावतो, त्याच्या केबलचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन-चार. आम्हाला वाटलं, लक्षात ठेवायला सोपा आहे, बरं झालं.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी खोली उघडायला गेलो, तर समोरच्या पारावरची पोरं आमच्याकडे बघून हसत होती. काय झालं ते कळेना. दुपारी आमच्यातल्या एकीच्या सुनेने फोन पुढे केला. फोनमध्ये वायफाय शोधलं की आसपासच्या सगळ्या वायफायची नावं खाली ओळीने दिसतात, माहीत आहे ना? आमच्या वायफायला गटाचं नाव होतं. ते गेलं होतं. त्या जागी आमच्यातल्या एकीच्या मुलीचं नाव होतं आणि त्याला जोडून एक घाणेरडा शब्द.

मुलगी बारावीला. घरी रेंज येत नाही म्हणून आमच्या खोलीत बसून अभ्यास करायची, एवढाच तिचा गुन्हा. गल्लीत ज्याच्या ज्याच्या हातात फोन, त्याला ते नाव दिसत होतं. आणि ते येत होतं आमच्या डबीतून. म्हणजे आम्हीच लिहिलं की काय, असं म्हणणारेही निघाले.

आम्ही डबीचं बटण बंद केलं. नाव गेलं. चालू केलं, नाव परत हजर. बदलायचं कसं ते आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं. तीन दिवस डबी बंद ठेवली. ऑर्डरी हुकल्या त्याचं काही नाही, पण तोवर कुणीतरी फोनचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. पोरगी कॉलेजला जाईना. खोलीकडे तर फिरकेना.

तिसऱ्या दिवशी केबलचा मुलगा आला. त्याने स्वतःच्या फोनवरून डबीचं पान उघडलं, दोन शब्द टाकले आणि पाच मिनिटांत नाव बदललं. आम्ही विचारलं, ‘बाबा, तू काय टाकलंस?’ तो म्हणाला, ‘अॅडमिन, अॅडमिन. ताई, सगळीकडे तेच असतं.’ आम्ही म्हटलं, ‘मग बदलत का नाहीस?’ तर म्हणाला, ‘बदललं की लोक विसरतात. मग आम्हाला परत यावं लागतं.’

मैत्रिणींनो, खोटं नाही बोलला तो. त्याच्या दृष्टीने ते सोयीचंच आहे. पण सोय त्याची होती आणि अब्रू आमची गेली.

त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट कळली, ती नीट ऐका. या डबीला दोन कुलपं असतात. आपल्याला एकच माहीत असतं.

पहिलं कुलूप वायफायचं. पाहुणे आले की ‘वायफायचा पासवर्ड काय हो?’ म्हणून विचारतात ते. ते उघडलं की नेट वापरता येतं. हे झालं घराचं दार.

दुसरं कुलूप डबीच्या आतलं. ते उघडलं की वायफायचं नाव बदलता येतं, पासवर्ड बदलता येतो, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही ते ठरवता येतं. हे झालं घरातलं कपाट. कारखान्यातून डबी येते तेव्हा या कपाटाला कंपनीने एक ठरलेली किल्ली लावलेली असते. एकाच प्रकारच्या हजारो डब्यांना तीच किल्ली. कोणत्या डबीची कोणती, याच्या याद्या इंटरनेटवर कोणालाही मिळतात. काही डब्यांच्या तर पाठीवरच चिकटवलेली असते.

आता बघा. पारावरच्या एकाला आमचा पासवर्ड माहीत होता. हल्ली एका फोनवर चौकोनी कोड दाखवला आणि दुसऱ्याने स्कॅन केला की त्याचाही फोन जोडला जातो, पासवर्ड सांगावाही लागत नाही. असं करत करत आमच्या डबीवर बावीस फोन चढले होते. महिना संपायच्या आत नेट रेंगाळायचं ते यामुळेच. त्या बावीसपैकी कुणीतरी अॅडमिन-अॅडमिन टाकून कपाट उघडलं.

कोणी, ते आजवर कळलेलं नाही. आणि खरं दुखणं तेच आहे. आमच्यातल्या दोघींची मुलं त्या पारावर बसतात. शेजारच्या दुकानातला मुलगा बसतो. शिकवणीचा मास्तर आमचं नेट वापरायचा. संशय सगळ्यांवर गेला. दोघी जणी महिनाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. किल्ली सगळ्यांकडे असली की चोर सापडत नाही, आणि नाव मात्र सगळ्यांचं खराब होतं. कुलूप चोरासाठी असतं तितकंच ते सज्जनासाठीही असतं.

तुम्ही म्हणाल, ही तर गावातली टवाळी झाली. तर मोठी उदाहरणं सांगतो.

२६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीची ईमेल गेली. ती कुठून आली याचा माग पोलिसांनी काढला, तो आपल्या नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोहोचला. तिथे एक परदेशी गृहस्थ राहत होते. त्यांची बरेच दिवस चौकशी झाली. पुढे निघालं असं, की त्यांच्या घरातल्या वायफायला नीट बंदोबस्त नव्हता आणि दुसऱ्यांनीच ते वापरलं होतं. कसं झालं असेल? वायफाय भिंतीला अडत नाही. फोडणीचा वास जसा शेजारी जातो, तसं ते दाराबाहेर, जिन्यात, रस्त्यावर जातं. कोणी बाहेर उभं राहून वापरलं, तरी सरकारदरबारी नोंद होते ती कनेक्शन ज्याच्या नावावर त्याची. शेतातल्या विहिरीवरून रात्री दुसऱ्याने मोटर चालवली तरी वीजबिल आपल्याच नावाने येतं, तसंच हे.

दुसरं उदाहरण २०१६ चं. ‘मिराई’ नावाचा एक प्रोग्रॅम काही तरुण मुलांनी तयार केला. तो जगभर इंटरनेटवर फिरायचा आणि राउटर, कॅमेरे अशा वस्तू शोधायचा. सापडली की कारखान्याच्या किल्ल्या एकेक करून लावून बघायचा. त्याच्याकडे फक्त साठेक किल्ल्या होत्या, अॅडमिन-अॅडमिन त्यातलीच. तेवढ्यावर त्याने लाखो वस्तू ताब्यात घेतल्या. मालकांना पत्ताही नाही. २१ ऑक्टोबर २०१६ ला या गुलाम केलेल्या वस्तूंनी एका अमेरिकन कंपनीवर एकदम इतकी गर्दी केली, की अमेरिकेत आणि युरोपात कित्येक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. पुढच्या वर्षी तो प्रोग्रॅम बनवणाऱ्या तिघांनी कोर्टात गुन्हा कबूल केला.

आणि तिसरं उदाहरण शेजारच्याच कर्नाटकातलं. जुलै २०१७ मध्ये तिथल्या बीएसएनएल ग्राहकांच्या हजारो मोडेममध्ये असाच घातक प्रोग्रॅम शिरला आणि त्यांचं नेट बंद पडलं. मूळचा पासवर्ड ज्यांनी कधी बदललाच नव्हता, ती ही मोडेम होती. मग कंपनीने ग्राहकांना सांगितलं, पासवर्ड बदला.

म्हणून काही देशांनी आता कायदाच केला आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना एकच सोपी किल्ली लावून अशा वस्तू विकायला बंदी आहे. आपल्याकडेही बऱ्याच नव्या डब्यांवर वायफायचा पासवर्ड प्रत्येकीचा वेगळा छापलेला असतो. पण आतल्या कपाटाची किल्ली अजून पुष्कळ ठिकाणी जुनीच असते. तेव्हा कायद्याची वाट बघायची नाही. आपलं आपण करायचं.

घ्या आता कागद-पेन.

पहिलं काम. डबी उलटी करून मागची चिठ्ठी वाचा. त्यावर एक आकड्यांचा पत्ता असतो. बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मधे टिंबं आहेत. फोनवर हे आकडे इंग्रजीत टाकायचे. त्याच चिठ्ठीवर आत शिरायचं नाव आणि पासवर्डही असू शकतो. नसेल तर केबलवाल्याला विचारा. ‘आमची डबी आहे, आम्हाला माहीत पाहिजे,’ असं स्पष्ट म्हणा. कंपनीने डबी भाड्याने दिली असेल तरी वायफायचं नाव आणि पासवर्ड ठरवायला तुम्हाला अडचण नसते.

दुसरं काम. फोन त्याच वायफायला जोडा, क्रोम उघडा, वरच्या पट्टीत तो पत्ता टाका. डबीचं पान उघडेल. ते इंग्रजीत असतं, घाबरू नका. घरातल्या शिकत्या मुलीला शेजारी बसवा. फोन मात्र तुमच्या हातात ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तुमचं तुम्हाला येईल.

तिसरं काम, सगळ्यात महत्त्वाचं. आतल्या कपाटाचा पासवर्ड बदला. ‘मॅनेजमेंट’, ‘सिस्टिम’ किंवा ‘अकाउंट’ अशा नावाखाली तो सापडतो. आधी हा, मग वायफायचा. दोन्ही वेगवेगळे ठेवा.

चौथं काम. वायफायचं नाव आणि पासवर्ड बदला. नावात आडनाव, घर नंबर, मुलीचं नाव घालू नका. पासवर्ड किमान बारा अक्षरांचा असावा. सोपी युक्ती सांगतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, खुरपं, परात, चिंच, पाऊस असे. इंग्रजी अक्षरांत सलग लिहा आणि मधे कुठेतरी दोन आकडे टाका. आम्ही सांगितलेलेच शब्द मात्र घेऊ नका, आमचा कार्यक्रम बाकीचेही ऐकतात! गावाचं नाव, गटाचं नाव, मोबाइल नंबर, जन्मसाल, यातलं काही नको. काही डब्यांवर दोन नावं दिसतात, एकाच्या पुढे ‘५जी’ असतं. पासवर्ड दोन्हींचा बदला, नाहीतर पुढचं दार लावलं आणि मागचं उघडं राहिलं असं होईल.

पाचवं काम. तिथेच ‘सिक्युरिटी’ लिहिलेलं असतं. त्यात ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘डब्ल्यूपीए ३’ निवडा. ‘ओपन’ म्हणजे दार सताड उघडं. ‘डब्ल्यूईपी’ म्हणजे गंजलेलं कुलूप, केव्हाच मोडता येतं. ही दोन्ही नकोत.

सहावं काम. ‘डब्ल्यूपीएस’ नावाची एक सोय असते, बटण दाबून फोन जोडायची. ती बंद करा. ‘रिमोट मॅनेजमेंट’ म्हणजे बाहेरगावी बसून डबी उघडायची सोय. तीही बंद असलेली बरी. काही ठिकाणी कंपनी दुरुस्तीसाठी ती वापरते, म्हणून केबलवाल्याला विचारून बंद करा.

सातवं काम. डबीचा आतला प्रोग्रॅम जुना झाला की त्याला भोकं पडतात. कंपनी ती बुजवून नवा प्रोग्रॅम देते. त्याला ‘अपडेट’ म्हणतात. वर्षातून दोनदा केबलवाल्याला विचारा, ‘आमच्या डबीचं अपडेट झालं का?’ डबी फार जुनी असेल आणि अपडेटच येत नसेल, तर बदलून मागा.

एक सावधगिरी लिहून ठेवा. डबीच्या मागे सुई जाईल एवढं भोक असतं. ते रिसेटचं. पोरं सांगतील, ‘दाबा, सगळं नवं होतं.’ नवं होतं म्हणजे कारखान्याचं जुनं होतं, किल्ली परत अॅडमिन. शिवाय कनेक्शनची माहिती पुसली गेली तर नेटच बंद पडतं. केबलवाला समोर असल्याशिवाय ते भोक दाबायचं नाही.

सगळं झालं की घरातले सगळे फोन निघून जातील. नवा पासवर्ड टाकून एकेक जोडा. मग डबीच्या पानावर जोडलेल्या फोनांची यादी असते, ती मोजा. घरात चार फोन आणि यादीत सात, तर विचारायचं कुणाचे.

आता आम्हाला बायका विचारतात ते सांगतो. ‘माझ्या वायफायवर कोणी बसलं तर त्याला माझा बँकेचा पिन दिसतो का?’ तसं सहसा होत नाही. बँकेचं अॅप आपला मजकूर बंद पाकिटात घालून पाठवतं. पण आतलं कपाट ज्याच्या हाती लागलं, तो आपल्याला खऱ्या पत्त्याऐवजी खोट्या पत्त्यावर नेऊ शकतो. ब्राझीलमध्ये २०११ पासून असं झालं. डब्यांच्या आतल्या प्रोग्रॅममधल्या भोकाचा फायदा घेऊन चोरांनी सुमारे ४५ लाख मोडेममध्ये फेरफार केले आणि लोकांना बँकेच्या खोट्या पानांवर नेलं. म्हणून अपडेटही हवं, आणि बँकेच्या पानावर काही वेगळं दिसलं, फोनने ‘हे पान सुरक्षित नाही’ म्हटलं, तर तिथेच थांबायचं. पैसे गेलेच, तर लगेच १९३० नंबर फिरवायचा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

दुसरा प्रश्न, ‘शेजारच्या लेकरांना अभ्यासाला नेट द्यायचं नाही का?’ द्यायचं ना! पुष्कळ डब्यांत ‘गेस्ट’ म्हणजे पाहुण्यांचं वेगळं वायफाय काढता येतं. ओटीवर बसवायचं, माजघरात न्यायचं नाही. त्याचा पासवर्ड दर महिन्याला बदलायचा. आम्ही पोरांचं नेट तोडलं नाही, फक्त दाराला दार लावलं.

तिसरा प्रश्न आमच्याच मनातला. ‘पासवर्ड विसरलो तर?’ केबलवाल्याचीही तीच तक्रार होती. त्याचं उत्तर आपल्या गटातच आहे. बचतीची पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीकडे, हे आपल्याला नवं नाही. तसंच आम्ही केलं. दोन्ही पासवर्ड एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून पेटीत ठेवले. डबीवर चिकटवले नाहीत, ग्रुपवर टाकले नाहीत. बदलले की इतिवृत्ताच्या वहीत तारीख लिहितो, पासवर्ड लिहीत नाही.

घरातही असंच करा. बिल तुमच्या मसाल्याच्या, शिवणाच्या, दुधाच्या पैशातून जातं आणि किल्ली फक्त पुतण्याला माहीत, असं नको. घरच्या बाईला दोन्ही पासवर्ड माहीत असले पाहिजेत.

आणि कधी आमच्यासारखा प्रसंग आलाच, तर आम्ही केलेली चूक करू नका. आम्ही घाईघाईने सगळं पुसून टाकलं. आधी फोनवर दिसणाऱ्या नावाचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहा, डबीच्या पानावरची जोडलेल्या फोनांची यादी उतरवून घ्या. मग बदला. पोलिसांत जायचं की नाही हे त्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना ठरवू द्या. पण जायचं ठरलं तर हातात पुरावा असू द्या. आमच्याकडे नव्हता.

नवे पासवर्ड टाकायचे ठरले त्या दिवशी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. तिला म्हटलं, ‘चल, आमच्यातल्या कुणाला ते इंग्रजी पान वाचता येत नाही.’ आधी नाही म्हणाली. मग आईबरोबर आली. तिने पान वाचून दाखवलं, टाइप आम्ही केलं. चार शब्द आम्ही अकरा जणींनी मिळून ठरवले. त्यावर हसणंही झालं. सोमवारपासून ती परत खोलीत अभ्यासाला बसू लागली. झालेलं विसरली असं आम्ही म्हणणार नाही. पण खोली तिची राहिली.

या आठवड्याचं काम एकच. घरातली, गटातली, अंगणवाडीतली, ग्रामपंचायतीतली डबी उलटी करा आणि विचारा, हिच्या दोन्ही किल्ल्या कुणाकडे आहेत? उत्तर ‘माहीत नाही’ आलं, तर पुढच्या मासिक सभेत हा विषय घ्या. किल्ली बदलायला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो.

हात धुतले असतील आता. चला, येतो आम्ही. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.